अंगठा कुणाचा

व्हिडिओ मी काढला.
आधी एवढं सांगून टाकतो, पुढचं जमेल तसं.
नाव माझी, इंजिन भाड्याचं,
फोन माझा, कडेला तडकलेला.

डुंगाच्या धक्क्यापासून पाऊण तास आत,
जिथं सरोवर
सुकुमा उकळून उरलेल्या पाण्यासारखं दाटतं,
तिथं पेरेझ अडोंगोनं वाकून काचेचा ग्लास बुडवला
आणि उन्हात धरला.
ग्लासावर तिचा अंगठा.
नखाखाली आडवा व्रण,
लहानपणी मासा खवलताना सुरी घसरलेली.

"हे पाणी उकळलं तरी विष जात नाही,"
ती म्हणाली.
दोनदा. एकदा आमच्या धोलुओत, एकदा स्वाहिलीत.
चाळीस सेकंद,
मागे माझं खोकणं.

तिच्या प्रबंधाला सहा वर्षं लागली होती.
तो वाचला किती जणांनी, विचारलं
की ती बोटं मोजायची
आणि एका हातावर थांबायची.
व्हिडिओ मात्र रातोरात किसुमूच्या बाहेर पडला.
विद्यापीठातले वरिष्ठ, ज्यांनी आयुष्यभर पाणी तपासलं,
ते तिला पाण्यात पाहू लागले.

आठवड्याभरात तो ग्लास निवडणुकीला उभा राहिला.
वल्हेवाल्यांनी खाली लिहिलं,
बघा, यांनी सरोवराचं काय केलं.
कंदीलवाल्यांनी खाली लिहिलं,
बघा, त्यांनी सरोवराचं काय केलं.
दोघांची पोस्टरं एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी,
दोन्हींवर अंगठा एकच.

मग कुणीतरी वाक्याचं शेपूट कापलं.
"हे पाणी उकळलं" एवढंच ठेवलं,
आणि खाली ठळक अक्षरात :
संशोधक बाई सांगतात, उकळा आणि बिनधास्त प्या.
आवाज तिचाच.
माझं खोकणंही तसंच राहू दिलं होतं,
खरं वाटावं म्हणून.

पुढे कळलं,
कुठल्याशा लांबच्या शहरात
हिरव्या भुकटीच्या डब्यावर तोच ग्लास विकला जातोय :
सरोवराचं सत्त्व, तीस दिवसांत फरक.

तिनं तक्रार केली.
उत्तर रात्री दोन वाजता आलं, यंत्राचं, फार नम्र :
अंगठा आपला असल्याचा पुरावा जोडावा.
तिनं दिव्याखाली अंगठा धरून फोटो पाठवला.
पुन्हा उत्तर :
मूळ चित्रणाचा हक्क, ज्यानं बटण दाबलं त्याचा.
आमच्या नोंदीप्रमाणे त्यानं तो विकलेला आहे.

तिला वाटलं, यंत्राची चूक असणार.
हसली सुद्धा.

धक्क्यावर एक पोरगा आला होता,
चकचकीत बूट, चिखल टाळत चालणारा.
मूळ फाइल दे, म्हणाला, आठ हजार शिलिंग.
इंजिनाचं भाडं तीन महिने थकलेलं.
कागद मी वाचला नाही.
मला सही येते, चांगली येते,
पण हात तेलकट होते, त्याला घाई होती,
मी अंगठा उठवला.

हे तिला अजून सांगितलेलं नाही.

काल न्यार-उयोमा आली,
ओमेना वाळवते ती, फोन वापरत नाही.
हातात पिवळा कॅन.
तिनं पेरेझचा हात ओढून घेतला,
उलटा केला, सुलटा केला,
नखाखालचा व्रण डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.
"भिंतीवरची तूच. आता तोंडानं सांग,
उकळून चालतं की नाही?"

"नाही चालत."

"मग प्यायचं काय?"

विंधनविहीर दोन तासांवर,
तिचा पंप फेब्रुवारीपासून बंद.
पेरेझ कॅनकडे बघत राहिली.
चाळीस सेकंद झाले असतील,
जास्तच.

मी नावेत होतो, दोरी हातात.
खोकला आला.
तोंडावर हात घट्ट दाबून धरला.